रुद्रवाडीच्या चिंचेवरील शस्त्रक्रिया

वैशाखातल्या वावटळीनं रुद्रवाडीच्या चिंचेची एक फांदी चिरली, ही या प्रकरणातली एकमेव नैसर्गिक आपत्ती होय. यापुढं जे काही घडलं ते सर्व नियमानुसार घडलं.

रुद्रवाडी हमरस्त्यावर आहे, जळकोटच्या अलीकडं. चिंच रस्त्याच्या कडेला, आणि तिची ती फांदी मुलींच्या शाळेच्या अंगणावर पसरलेली. फांदी कसली, दुसरं झाडच म्हणा ना! बुंध्यापासून जरा पुढं तिला अशी भेग पडली होती की खारी आत शिरून पलीकडून बाहेर निघत. शाळेच्या लीलाबाई तुळजापूरच्या पुजारी घराण्यातल्या. जत्रेच्या गर्दीला नुसत्या आवाजावर रांगेत उभं करणाऱ्यांचं रक्त. त्यांनी त्याच दिवशी वर्ग उचलून चावडीच्या ओट्यावर नेला आणि शेळ्यांसाठी पाला तोडणाऱ्या बंडप्पाला बोलावणं धाडलं.

"बाई, चुलीवर च्या ठिवा," बंडप्पा म्हणाला. "उकळी फुटायच्या आत फांदी खाली."

त्यानं कुऱ्हाड पाठीला खोचलीही होती. पण सरपंच शिवलिंगअप्पा आडवे आले.

"थांब रं. झाड सरकारी हाय. निजामाच्या वक्ताला सरकारी झाडाचं पान तोडलं तरी चावडीवर उभं करीत."

"निजाम गेला की अप्पा. आता राज्य आपलं हाय."

"तेच म्हनतो म्या. राज्य आपलं म्हंजे झाड आपलं. आपल्या झाडाला कुऱ्हाड लावतो व्हय? अर्ज करायचा."

आणि अर्ज केला गेला. झाडाचा बुंधा रस्त्याच्या हद्दीत असल्यानं तो मार्गवृक्ष उपविभागाचा होता, फांदीची सावली शाळेची होती, आणि चिंचा ज्याचा लिलाव त्याच्या. भेग कुणाची, हे कुठल्याच नियमात नव्हतं. तेव्हा अर्ज तुळजापूरला मार्गवृक्ष उपविभागाच्या कचेरीत पोचला.

या कचेरीत मुनवर नावाचा जावक कारकून होता. निजामाच्या अमदानीत तो उर्दूत कागद रवाना करी, विलीनीकरणानंतर इंग्रजीत करू लागला, आणि आता नव्या राज्यात मराठीत करत होता. तिन्ही राजवटींत त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण तो कागद वाचत नसे, फक्त पाठवत असे. मोठा नेक माणूस. त्याच्यात दोनच गोष्टी लक्षात येण्यासारख्या होत्या. एक म्हणजे त्याचं डोकं. ते प्रमाणाबाहेर मोठं होतं. त्याची टोपी शिवताना शिंपी दोनदा माप घेई आणि एकदा हसे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला उंचीचं भय होतं. कचेरीत तो फक्त खालच्या फळीवरच्या फायली काढी. उन्हाळ्यात सारं गाव माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, झोपे, तेव्हा हा एकटा खाली घरात घामानं चिंब होऊन पडे, आणि त्याची बायको नूरुन्निसा वरून विचारी, "जिंदे हैं ना जी?"

नेमक्या त्याच आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाकडून एक लाकडी खोकं आलं. आत मोटार-करवत होती. पेट्रोलवर चालणारी, दात्यांची साखळी गरागरा फिरवून लाकूड कापणारी, परदेशी. सोबत झाडावर चढायचं सामान होतं: रुंद कातडी कमरपट्टा, जाड दोर, बुटांना बांधायचे पोलादी काटे आणि डोक्यावर घालायचं एक चकचकीत शिरस्त्राण. शिवाय एक पत्र होतं. त्यात म्हटलं होतं की, 'या यंत्राचा उपयोग चालू वर्षातच करण्यात यावा. उपयोग न झाल्यास तो का झाला नाही याचा खुलासा करावा, आणि झाल्यास का झाला याचा करावा.'

उपविभागाचे साहेब तरुण होते आणि आधुनिक होते. त्यांनी रुद्रवाडीचा अर्ज आणि खोकं एकाच टेबलावर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मार्तंडराव," ते हेडक्लार्कना म्हणाले, "हा नुसता अर्ज नाही. ही संधी आहे."

"होय साहेब. पण त्या गावात एक कुऱ्हाडवाला आहे म्हणे. तो चहा उकळायच्या आत..."

"कुऱ्हाड ही सरंजामशाहीची निशाणी आहे. आपल्याला माणूस निवडायचा आहे. झाडावर चढेल असा."

चढणारे पुष्कळ निघाले. दोन शिपाई माडावर चढल्यासारखे चढत. चौकीदार तर निजामाच्या काळात तुरुंगाच्या भिंतीवर चढला होता, मात्र कुठल्या बाजूनं ते सांगत नसे. अडचण शिरस्त्राणाची आली. ते परदेशी डोक्याच्या मापाचं होतं. ज्याच्या डोक्यावर घालावं त्याच्या नाकावर येऊन टेके, आणि आतला माणूस "दिसंना!" म्हणून ओरडे. सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट बजावलं होतं की, ज्याला शिरस्त्राण सैल होतं त्यानं झाडावर चढू नये. मार्तंडरावांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, ज्याला ते बरोबर बसतं त्यानं चढावं. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. कचेरीत याला निवड म्हणतात.

शिरस्त्राण या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत जावकच्या टेबलापाशी आलं, आणि कुणीतरी गंमत म्हणून ते मुनवरच्या डोक्यावर ठेवलं. ते असं बसलं की जणू त्याच्यासाठीच ओतलं असावं. हसणारे हसायचे थांबले. साहेब खुर्चीतून उठले.

"सापडला!"

"हुजूर," मुनवर शिरस्त्राणाखालून म्हणाला, "मला उंचीचं लई भ्या वाटतं. स्टुलावर चढलो तरी पाय लटलट कापतात."

साहेबांनी मार्तंडरावांकडं पाहिलं. मार्तंडरावांनी पुस्तिका पाहिली.

"भीती हा अपात्रतेचा निकष यात नाही साहेब. डोकं मात्र आहे."

अशा रीतीनं मुनवर मार्गवृक्ष उपविभागाचा पहिला 'ट्री सर्जन' झाला. मराठीतून कारभार करायचा असल्यानं या पदाला मराठी नाव हवं होतं. मार्तंडरावांनी कोश चाळून 'वृक्षशल्यविशारद' असं नाव काढलं. त्या दिवसापासून कचेरीत कुणीही मुनवरला एका दमात हाक मारू शकलं नाही.

घरी नूरुन्निसानं बातमी ऐकून हातातली भाकरी परातीत ठेवली.

"तुमे झाडपर चढते? माळवद पर चढते तो आँखां मूँदते जी तुमे!"

"सरकारी हुक्म है।"

"सरकार को बोलो, सर बडा है करके दिल बडा नहीं रहता।"

पण शेजारपाजारी लालबी, अजीजाबी येऊन "सर्जनसाहब कते?" असं विचारून गेल्या, एकीनं तर नातवाचा दुखरा कानही दाखवायला आणला, तेव्हा नूरुन्निसाचा विरोध जरा मवाळ झाला. माणूस निवडला गेला की घरच्यांना तो पूर्वीपासून लायकच वाटू लागतो.

मुनवरला प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. प्रशिक्षण केंद्र नवीन असल्यानं तिथं अजून झाडं लावायची होती. म्हणून तारेचा एक जुना खांब जमिनीवर आडवा टाकून त्यावर आरोहण शिकवत. विद्यार्थ्यांनी पोटावर पालथं पडून, कमरेला पट्टा बांधून, दोर पुढं टाकत टाकत खांबाच्या शेंड्यापर्यंत सरपटत जायचं. मुनवरला जमिनीवर पडून असताना अजिबात भीती वाटत नसे, त्यामुळं चढण्यात तो पहिला आला. उतरायचं म्हणजे उठून उभं राहायचं आणि कपडे झटकायचे. यंत्र केंद्रात नव्हतं. सुतारानं लाकडाचं एक करून दिलं होतं आणि आवाज तोंडानं काढायचा होता. मुनवरचा 'घुर्रर्रर्र' ऐकून प्राचार्य दोनदा दचकले आणि त्यांनी तसा शेरा दिला.

तरी काही गोष्टी तो खरोखर शिकला. फांदी नुसती वरून कापत गेलं तर ती अर्ध्यातच मोडून बुंध्याची साल सोलत खाली येते. म्हणून आधी खालच्या अंगानं खाच घ्यायची, मग थोडं पुढं सरकून वरून काप द्यायचा, आणि उरलेला खुंट शेवटी काढायचा. झाडावर असताना एक दोर बांधल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. आणि फांदीखाली माणूस असला तर यंत्राला हात लावायचा नाही. ही शेवटची गोष्ट शिकवणाऱ्यानं इतकी सहज सांगितली की, त्यात काही अडचण येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मुनवर परतला तोवर यंत्राची वेगळीच अडचण झाली होती. त्याला पेट्रोल हवं होतं, आणि पेट्रोल फक्त वाहनाला मंजूर होई. साहेबांनी यंत्राची नोंद वाहन म्हणून करून घेतली. मग त्याला नंबराची पाटी लावावी लागली. पाटी पाहून तपासनीस आला, आणि त्यानं या वाहनाला भोंगा नाही म्हणून हरकत घेतली. सायकलच्या दुकानातून रबरी भोंगा आणून करवतीच्या मुठीला बांधण्यात आला. "चाकं नाहीत त्याचं काय?" असं मुनवरनं विचारलं. तपासनीस म्हणाला, "चाकं नसलेली वाहनं सरकारात पुष्कळ आहेत. भोंगा नसलेलं एकही नाही."

इकडं रुद्रवाडीत भेग रुंदावत होती. लीलाबाईंनी पुन्हा कळवलं. त्यावर उत्तर आलं: 'शस्त्रक्रिया होईपर्यंत फांदीने आहे त्या स्थितीत राहावे, अशा सूचना संबंधितांना देण्यात याव्यात.' लीलाबाईंनी ते पत्र घेतलं, मुलींना ओळीनं उभं केलं आणि चिंचेसमोर ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "समजलं ना?" असं त्यांनी शेवटी फांदीला विचारलंही. मुली इतक्या हसल्या की शिवलिंगअप्पा चावडीतून बाहेर आले.

"बाई, सरकारी कागदाची चेष्टा करू नगा. एवढं मोठं येंत्र आपल्या गावाला येतंय. जळकोटवाले जळून कोळसा झालेत."

"अप्पा, फांदी आधी आली तर?"

"कशी यील? तिला कळवलंय न्हवं?"

बंडप्पा मधे एकदा कुऱ्हाड घेऊन येऊन गेला. पण आता गावच त्याच्या आडवं आलं. कुऱ्हाडीनं फांदी पाडली तर यंत्र कशाला येणार, आणि यंत्र आलं नाही तर साहेब कशाला येणार?

ज्येष्ठ लागला आणि प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. वरिष्ठ कार्यालयाचे मोठे साहेब स्वतः येणार होते. मुनवर आदल्या दिवशीच रुद्रवाडीला जाऊन पोचला, आणि पाहतो तर काय, चिंचेखाली व्यासपीठ उभं राहत होतं. बरोबर त्या फांदीखाली. ऊन असं होतं की सरडेसुद्धा सावली धरून चालत होते, आणि शाळेच्या अंगणात गार जागा तेवढीच होती.

"मार्तंडराव," मुनवर घाबरून म्हणाला, "फांदी खाली पडते."

"ते माहीत आहे. कार्यक्रमपत्रिकेत ती शेवटी आहे. भाषणं आधी."

"पन मंडप तिकडं घ्या ना, वडाच्या बाजूला."

"मुनवरमियाँ, प्रात्यक्षिक म्हणजे दिसलं पाहिजे. लांबून काय दिसणार?"

"आणि फांदी पडताना?"

मार्तंडरावांनी कार्यक्रमपत्रिका उलगडली. "तेव्हा राष्ट्रगीत ठेवू. सगळे उभेच असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक हुकूम निघाला. पाहुण्यांसमोर कर्मचाऱ्यानं झाडावर चढणं, म्हणजे त्यांच्याकडं पाठ करणं, शिष्टाचाराला धरून नव्हतं. तेव्हा वृक्षशल्यविशारदानं पाहुणे येण्यापूर्वीच झाडावर चढून सज्ज राहायचं होतं.

मुनवरनं काटे बांधले, पट्टा आवळला, बिस्मिल्ला म्हटलं आणि डोळे मिटले. आडव्या खांबावर जसा सरपटत जाई तसाच तो सरपटला. आपण पालथेच पडलोय, जमीन पोटाखालीच आहे, असं स्वतःला सांगत राहिला. मधे एकदा डोळे उघडले, तेव्हा जमीन पोटाखाली नव्हती. ती टाचांच्या खाली, फार खाली, कुणीतरी ओढून नेल्यासारखी दिसत होती. बंडप्पा अनवाणी पायांनी यंत्र खांद्यावर घेऊन मागून आला, ते फांदीवर ठेवून म्हणाला, "सर्जनसाब, वर बगा. खाली बगितलं की झाड हलतंय," आणि सरसर उतरून गेला. मुनवरनं दोन्ही दोर खोडाला बांधले, गाठी तपासल्या, पुन्हा तपासल्या, आणि खोडाला असा बिलगून बसला की चिंचेलाच अवघडल्यासारखं झालं असेल.

पाहुणे आले. हारतुरे झाले. व्यासपीठावर मोठे साहेब, साहेब, मार्तंडराव. समोर खुर्च्यांवर शिवलिंगअप्पा आणि मान्यवर. मागं सारं गाव. आणि अगदी पुढं, जमिनीवर, स्वागतगीत म्हणायला मुली. लीलाबाईंनी त्यांना तिथं बसवायला नकार दिला होता. मार्तंडरावांनी विचारलं होतं, "मोठे साहेब बसू शकतात, मग तुमच्या मुली साहेबांपेक्षा मोठ्या का?" यावर उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर लीलाबाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोनारीच्या पलीकडं झाली असती. त्या मुलींच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. कपाळाला आठी घालून, वर बघत.

भाषणं सुरू झाली. साहेबांनी पाषाणयुगापासून सुरुवात केली. ते तांब्याच्या कुऱ्हाडीपर्यंत आले असतील नसतील, तेवढ्यात मुनवरला आवाज आला.

कर्र.

बारीक आवाज होता. बैलगाडीच्या आखाचा असतो तसा. मुनवरनं पाहिलं. सकाळी ज्या भेगेत त्याचा पंजा गेला असता, तिच्यात आता त्याचं डोकं गेलं असतं. वारा नव्हता. फांदी आपल्याच भारानं उसवत होती.

आणि मग एक चमत्कार झाला, म्हणजे मुनवरपुरता. स्वतः पडण्याचं जे भय त्याच्यात भरलं होतं, ते सगळं त्याला सोडून खाली त्या मुलींच्या वेण्यांवर जाऊन बसलं. त्याचे पाय कापायचे थांबले. त्यानं भोंगा वाजवला.

पों!

लोकांनी वर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

"उठाऽऽ!" मुनवर ओरडला. "बाजूला व्हा! फांदी येतीया! मोडतीया फांदी!"

हे सगळ्यांनी ऐकलं. ध्वनिक्षेपक असूनही ऐकलं. साहेबांनी भाषण थांबवून वर पाहिलं, मग मोठ्या साहेबांकडं पाहिलं. मोठे साहेब बसलेले होते. साहेब बोलू लागले. मोठ्या साहेबांनी भेग पाहिली, मग साहेबांकडं पाहिलं. यजमान बोलत असताना पाहुण्यानं उठावं कसं? शिवलिंगअप्पांनी पागोटं सावरलं, उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, आणि मांडी बदलून पुन्हा बसले. मागच्यांनी अप्पांकडं पाहिलं. लीलाबाई एकट्या उठल्या. "चला गं, उठा!" त्यांनी दोन मुलींना दंडाला धरून उभं केलं, तोच मार्तंडराव व्यासपीठावरून खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई! शिस्त! मोठे साहेब बघताहेत." मागच्या रांगेतल्या आयाबाप्यांनीही "बसा गं पोरींनो, दिसंना आमाला" असा गलका केला. अर्ध्या मुली उभ्या, अर्ध्या बसलेल्या.

कर्रर्र.

मुनवरच्या सबंध नोकरीत त्याच्या हातून एकही खोटा कागद रवाना झाला नव्हता. आता त्यानं पहिला रवाना केला.

"मव्हळ उठलं रेऽऽ! आग्या मव्हळ उठलंऽऽ!"

आणि यंत्राची दोरी खेचली. पहिल्याच हिसक्याला यंत्र सुरू झालं. चिंचेच्या पानोळ्यात 'घूंऽऽऽ' असा आवाज घुमू लागला.

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. मोठे साहेब व्यासपीठावरून उतरले नाहीत. ते तिथून नाहीसे झाले आणि रस्त्यापलीकडं प्रकटले. साहेब गळ्यातला हार तोंडाला गुंडाळून पळाले. शिवलिंगअप्पांनी पागोटं सोडून ते अंगभर गुंडाळलं आणि ओढ्याच्या नळकांडीत शिरले. तिथं आधीच मार्तंडराव होते. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. समोरचा उठला का, शेजारचा काय म्हणेल, शिष्टाचार काय सांगतो, हे कुणाला सुचलं नाही. लीलाबाईंनी मुलींचा घोळका वडाखाली नेऊन उभा केला आणि मोजला.

खाली मोकळं अंगण झालं. मुनवरनं एक दोर पुढं बांधला, मगच मागचा सोडला. फांदीच्या खालच्या अंगानं खाच घेतली. भुसा त्याच्या मिशांवर उडाला. थोडं पुढं सरकून वरून काप दिला. फांदी क्षणभर विचार करत असल्यासारखी थांबली, आणि मग साल न सोलता, अगदी शिकवलं होतं तशी, व्यासपीठावर जाऊन आडवी झाली. मोठ्या साहेबांच्या खुर्चीची काडेपेटी झाली. ध्वनिक्षेपक पालथा पडून बराच वेळ शिट्ट्या मारत होता.

हे प्रात्यक्षिक लीलाबाई, मुली आणि बंडप्पा यांच्याखेरीज कुणीही पाहिलं नाही. अभ्यासक्रमातलं उतरणं इथं उपयोगाचं नव्हतं, म्हणून मुनवर जसा चढला तसाच उलटा सरपटत आला, पण या खेपेला डोळे उघडे ठेवून. खाली उतरल्यावर त्याला जोरात हसू आलं, आणि मग तो वडाच्या आड जाऊन ओकला.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"झूट बोले कते तुमे?" नूरुन्निसानं विचारलं.

"हौ।"

"छोकऱ्यांऽऽ बचे?"

"सब बचे।"

"तो फिर जरा और बडा झूट बोलते," ती म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं.

चौकशी बसली. आरोप असे होते: मधमाश्यांविषयी खोटी बातमी पसरवणे, वरिष्ठांचे भाषण पूर्ण होण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणे, आणि मान्यवरांची पादत्राणे हरवण्यास कारणीभूत होणे. चौकशी अधिकारी रुद्रवाडीला आले. ऊन तसंच होतं. टेबल-खुर्च्या चिंचेखाली मांडण्यात आल्या.

"या इसमानं फांदी पडते असं आधी सांगितलं होतं का?" अधिकाऱ्यांनी शिवलिंगअप्पांना विचारलं.

"व्हय, सांगितलं की. वरडूनशान सांगितलं."

"मग उठला का नाहीत?"

"पुढं साहेब बसलं व्हतं. म्या एकलाच उठलो असतो तर कसं दिसलं असतं?"

साहेबांनी निवेदन केलं की, ते भाषण मधेच सोडून खाली उतरले असते तर लोकांत घबराट पसरली असती. मोठ्या साहेबांनी लेखी कळवलं होतं की, यजमान बोलत असताना उठण्याची प्रथा नाही. गावानं एकमुखानं सांगितलं की, अप्पा उठंनात.

"पण मधमाश्यांचं ऐकून तर सगळे पळालात?"

"मव्हळाचं येगळं असतंय साहेब," अप्पा समजुतीनं म्हणाले. "मव्हळ चावतंय."

अधिकारी मुनवरकडं वळले. "तुम्ही सरकारी नोकर आहात. खोटं का बोललात?"

"हुजूर," मुनवर हात जोडून म्हणाला, "आधी खरं बोलून बघितलं."

हे उत्तर लिहून घ्यावं की नाही याचा अधिकारी विचार करत असतानाच वरून आवाज आला. पहिली फांदी गेल्यापासून तिच्या पलीकडच्या फांदीवर सारा तोल आला होता.

कर्र.

मुनवर आरोपीच्या खुर्चीवरून उठला, अंगण ओलांडून उन्हात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हुजूर, जरा इकडं या. सगळेच या." लीलाबाईही उठून त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. भेग दिसत होती. मग त्यांनी साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मार्तंडरावांकडं, मार्तंडरावांनी अप्पांकडं आणि अप्पांनी पुन्हा अधिकाऱ्यांकडं. सगळे नीट सावरून बसले. 'आरोपीने चौकशी चालू असताना परवानगीशिवाय आसन सोडले,' अशी नोंद झाली आणि त्याबद्दल मुनवरला जावकच्या टेबलावर परत पाठवण्यात आलं. तिथं तो सुखात आहे.

ती दुसरी फांदी त्या दिवशी पडली नाही. अजूनही पडलेली नाही. म्हणजे बसलेल्यांचंच बरोबर होतं, असं रुद्रवाडीत सर्वमान्य आहे, आणि गावच्या सगळ्या बैठका तिच्याच सावलीत होतात.

वाचणारे म्हणतील, आम्ही तिथं असतो तर उठलो असतो. जरूर म्हणावं. असं म्हणायला उठावंही लागत नाही.